घरच्या संगणकासाठी सीडी-डीव्हीडी बर्निंगचं सॉफ्टवेअर: कुठलं घ्यावं, आणि जुनं अपडेट करावं का?

सोनकी | ९ नोव्हेंबर, रात्री ९:१०

नमस्कार मंडळी. आमच्या बाबांनी गावच्या सप्ताहातली कीर्तनं आणि प्रवचनं वर्षानुवर्षं कॅसेटवर रेकॉर्ड करून ठेवली आहेत. ती सगळी मी हळूहळू संगणकात उतरवून घेतेय. मूळ फाइल वेव्हमध्ये आहेत आणि त्यांच्या एमपीथ्रीही केल्या आहेत.

आता दोन कामं करायची आहेत. गावातल्या वयस्कर मंडळींना ऑडिओ सीडी करून द्यायच्या आहेत. त्यांच्याकडे सीडी प्लेअर आहेत आणि मोबाइलवर शोधून ऐकणं त्यांना जमत नाही. दुसरं म्हणजे मूळ वेव्ह फाइल संग्रह म्हणून डीव्हीडीवर ठेवायच्या आहेत.

लॅपटॉप विंडोज ११ चा आहे, यूएसबीचा बाहेरून जोडायचा डीव्हीडी रायटर घेतला आहे. घरात जुन्या डेस्कटॉपच्या रायटरसोबत आलेली नीरो ६ या बर्निंग सॉफ्टवेअरची सीडी अजून आहे. तीच टाकू? तिचं अपडेट मिळतं का? की नवीन काही घ्यावं? नेटवर शोधलं तर प्रत्येक पानावर चार-चार हिरवी ‘डाउनलोड’ बटणं दिसतात. कुठलं खरं तेच कळत नाही. शिवाय माझ्या सगळ्या फाइलींची नावं देवनागरीत आहेत, त्याने काही अडेल का?

बिनतारी | ९ नोव्हेंबर, रात्री १०:०२

सोनकीताई, फार मोलाचं काम हाती घेतलंत. त्यामुळे सविस्तर लिहितो.

नीरो ६ ची ती सीडी विंडोज ११ वर टाकूच नका. ती विंडोज एक्सपीच्या काळातली आहे. विंडोज ११ फक्त ६४ बिटमध्ये येतं. जुने ३२ बिटचे प्रोग्रॅम त्यावर बरेचदा चालतात, पण ३२ बिटचे ड्रायव्हर अजिबात चालत नाहीत, आणि त्या पिढीची बर्निंग सॉफ्टवेअर स्वतःचे ड्रायव्हर आत खोलवर बसवत असत. शिवाय रायटरसोबत फुकट आलेली नीरो बहुतेक वेळा त्याच कंपनीच्या रायटरपुरती बांधलेली असायची. तिचं अपडेट शोधत बसण्यात काहीच हशील नाही.

आता मुख्य मुद्दा. डिस्कवर लिहिण्याचं खरं काम ड्राइव्ह करतो. कुठल्या कंपनीच्या डिस्कवर किती वेगाने आणि किती ताकदीने लेझर मारायचा, याचा तक्ता ड्राइव्हच्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे त्याच्या आतच बसवलेल्या सॉफ्टवेअरमध्ये असतो. सॉफ्टवेअरचं काम म्हणजे फाइलींची मांडणी करायची, त्या ओळीने ड्राइव्हकडे पाठवायच्या आणि शेवटी तपासणी करायची. या आज्ञांची भाषा कित्येक वर्षांपूर्वीच ठरलेली आहे. म्हणून बर्निंगच्या बाबतीत ‘सगळ्यात नवी आवृत्ती’ या गोष्टीला ब्राउझर किंवा अँटिव्हायरसइतकं महत्त्व नाही. २०१३ चं सॉफ्टवेअर आज तितकीच चांगली डीव्हीडी लिहितं.

मी सॉफ्टवेअर निवडताना लिहून झाल्यावर ते तपासणी करतं का, ऑडिओ सीडीत दोन ट्रॅकमधली पोकळी आपल्याला ठरवता येते का, आणि मुख्य म्हणजे ते स्वच्छ ठिकाणाहून मिळतं का, हे पाहतो. या तिसऱ्यावरच बहुतेक लोक फसतात.

करवंद | ९ नोव्हेंबर, रात्री १०:२०

माझा एक मूलभूत प्रश्न याच धाग्यावर विचारतो. माझ्याकडे अभंगांच्या एमपीथ्री फाइली आहेत, सगळ्या मिळून ४०० एमबी. सीडी ७०० एमबीची. तरी ऑडिओ सीडी करायला गेलं की ‘जागा पुरत नाही’ असं येतं. सॉफ्टवेअर बदलून उपयोग होईल का?

बिनतारी | ९ नोव्हेंबर, रात्री १०:४१

नाही होणार. ऑडिओ सीडीचा हिशेब एमबीत नसतो, मिनिटांत असतो. ७०० एमबीची सीडी म्हणजे ८० मिनिटं. एमपीथ्री फाइल ऑडिओ सीडीवर जाताना पूर्ण उलगडली जाते आणि मिनिटाला साधारण १० एमबी जागा घेते. १२८ केबीपीएसच्या ४०० एमबी एमपीथ्री म्हणजे जवळजवळ सात तास. ते एका ऑडिओ सीडीत कुठलंही सॉफ्टवेअर बसवू शकणार नाही. तुमचा प्लेअर एमपीथ्री वाचत असेल (त्यावर तसा शिक्का असतो) तर ‘डेटा सीडी’ हा पर्याय घ्या, सगळं एकावर मावेल.

सोनकीताई, तुम्हालाही हे लागेल. साठ मिनिटांची कॅसेट एका सीडीत आरामात बसते, पण नव्वदची बसत नाही. नव्वदच्या कॅसेटसाठी दोन सीडी धरा आणि बाजू बदलते तिथेच तोडा.

घाटमाथा | ९ नोव्हेंबर, रात्री ११:०५

मी साताऱ्यात बरीच वर्षं लग्नाच्या व्हिडिओचं काम केलं. रोजच्या कामात मी अनेक सॉफ्टवेअर वापरली, त्यावरून सांगतो.

इमगबर्न: माझ्या मते आजही सगळ्यात भरवशाचं. फुकट आहे. शेवटची आवृत्ती २.५.८.०, जून २०१३ ची. त्यानंतर अपडेट नाही, तरी विंडोज ११ वर चालतं. लिहिताना प्रत्येक गोष्ट खाली नोंदवत जातं, डिस्कचा खरा उत्पादक कोण ते दाखवतं, आणि तपासणी मुळातच चालू ठेवलेली असते. मात्र दिसायला किचकट आहे. ऑडिओ सीडीसाठी आधी क्यू फाइल (ट्रॅकची यादी असलेली फाइल) बनवावी लागते, नवख्याला ते जड जातं. आणि एक सावधगिरी: त्याच्या इन्स्टॉलरमध्ये ओपनकँडी नावाचं जाहिरातींचं जोडसॉफ्टवेअर असायचं, त्यामुळे अँटिव्हायरस आजही त्यावर बोट ठेवतो. इन्स्टॉल करताना प्रत्येक पान वाचूनच पुढे जायचं.

सीडीबर्नरएक्सपी: नावात एक्सपी असलं तरी नंतरच्या विंडोजवरही चालतं. डेटा, ऑडिओ, आयएसओ (अख्ख्या डिस्कची एका फाइलीतली प्रतिमा) सगळं करतं, आणि ऑडिओ ट्रॅक मधल्या पोकळीशिवाय लिहिता येतात. तेही ४.५.८ वर येऊन थांबलं आहे.

बर्नअवेअर फ्री: आजही नियमित नव्या आवृत्त्या निघणाऱ्या मोजक्यांपैकी एक. घरगुती वापराला फुकट. मराठी माणसाला पाच मिनिटांत समजेल इतकं सरळ. फुकटच्या आवृत्तीत एका डिस्कवरून थेट दुसऱ्या डिस्कवर नक्कल होत नाही. आधी आयएसओ बनवायचा, मग तो लिहायचा. घरच्या कामाला तेवढं पुरतं.

अशाम्पूचंही फुकट आवृत्तीचं बर्निंग स्टुडिओ आहे, पण त्याला ईमेल देऊन नोंदणी करावी लागते आणि मग जाहिरातींचे ईमेल येत राहतात. ज्यांना चालतं त्यांनी घ्यावं.

ताई, तुमच्यासाठी मी बर्नअवेअर सुचवेन.

सोनकी | १० नोव्हेंबर, सकाळी ७:१५

इतकं सविस्तर! मनापासून आभार. पण विंडोजमध्येच बर्न करायची सोय आहे असं भाचा म्हणतो. मग वेगळं काही टाकायची गरजच काय?

पेंग्विनवाली | १० नोव्हेंबर, सकाळी ८:३०

भाच्याचं बरोबर आहे, पण अर्धं. विंडोजमध्ये कोरी डिस्क घातली की दोन पर्याय विचारले जातात. एक ‘यूएसबी फ्लॅश ड्राइव्हसारखी’ आणि दुसरा ‘सीडी/डीव्हीडी प्लेअरसोबत’. पहिल्यात डिस्कवर हव्या तेव्हा फाइली टाकता येतात, पण ती प्रामुख्याने संगणकांपुरतीच असते. टीव्हीखालच्या प्लेअरमध्ये ती बहुधा वाचलीच जात नाही. कुणालाही द्यायची डिस्क असेल तर नेहमी दुसरा पर्याय.

आयएसओ फाइल असेल तर तिच्यावर उजवी क्लिक करून ‘डिस्क इमेज बर्न करा’ हा पर्याय विंडोज ७ पासून आहे, त्यात तपासणीची चौकटही आहे. त्यावर खूण करायला विसरू नका. ऑडिओ सीडी जुन्या विंडोज मीडिया प्लेअरमधून होते. विंडोज ११ मध्ये तो ‘लेगसी’ या नावाने अजून मिळतो. पण फाइली सरळ ओढून टाकल्या की नंतर विंडोज त्या पुन्हा वाचून मूळ फाइलींशी ताडून पाहत नाही. संग्रहाच्या कामाला ही उणीव मोठी आहे. कुणाला एखादी फाइल देण्यापुरतं विंडोज ठीक, बाबांच्या कीर्तनांसाठी वेगळं सॉफ्टवेअरच हवं.

ज्यांच्याकडे जुना लॅपटॉप आहे आणि विंडोज १० चे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद झाल्यामुळे तो नुसता पडून आहे, त्यांनी त्यावर लिनक्स टाकून तो बर्निंगसाठी ठेवावा असं मी कळकळीने सांगेन. लिनक्सच्या केडीई डेस्कटॉपवर केथ्रीबी, नोमवर ब्रासेरो, एक्सएफसीईवर एक्सएफबर्न. तिन्ही फुकट आहेत, मुक्त स्रोत आहेत, जाहिराती नाहीत. मला केथ्रीबी सगळ्यात आवडतं. ऑडिओ सीडीवर ट्रॅकची नावं लिहिणं, पोकळी ठरवणं, तपासणी, सगळं एका खिडकीत. आणि अपडेट शोधत कुठे फिरावं लागत नाही. बाकीच्या प्रणालीसोबत तेही आपोआप अद्ययावत होतं, तेही तुमच्या डिस्ट्रोच्या (लिनक्सच्या प्रकाराच्या) स्वतःच्या भांडारातून. हिरव्या बटणांचा प्रश्नच मिटतो.

करवंद | १० नोव्हेंबर, सकाळी ९:१२

पेंग्विनवाली, ‘लिनक्समध्ये सीडी लिहिणं बिघडलंय’ असं मी फार पूर्वी वाचलं होतं. आता ठीक आहे का?

पेंग्विनवाली | १० नोव्हेंबर, सकाळी ९:५०

हो. तो काळ २००६ च्या आसपासचा. पडद्यामागे प्रत्यक्ष लिहिणारं सीडीआरटूल्स नावाचं जे साधन होतं, त्याच्या परवान्यावरून डेबियन ही डिस्ट्रो आणि मूळ लेखक यांच्यात वाद झाला आणि डेबियनने त्याची वेगळी शाखा काढली. त्या शाखेचा विकास पुढे रेंगाळला, म्हणून काही वर्षं तक्रारी होत्या. नंतर लिबबर्न आणि झोरिसो ही नवी साधनं आली. रोजच्या कामात आता काही अडत नाही.

बिनतारी | १० नोव्हेंबर, सकाळी १०:३०

देवनागरी नावांचा प्रश्न राहिला होता. हा आपल्या लोकांचा खास प्रश्न आहे आणि यावर कुठे लिहिलेलं सापडत नाही, म्हणून नीट सांगतो.

डिस्कवरच्या मूळ आयएसओ ९६६० या मांडणीत फक्त रोमन अक्षरं चालतात. देवनागरीसाठी तिच्यावर जोलिएट नावाचा थर लागतो. तो बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये मुळातच चालू असतो. पण जोलिएटमध्ये एका नावाला ६४ खुणांची मर्यादा आहे, आणि देवनागरीत काना, मात्रा, हलन्त या प्रत्येकाची वेगळी खूण मोजली जाते. ‘ज्ञानेश्वरी’ डोळ्याला चार अक्षरं दिसतात, संगणक अकरा खुणा मोजतो. त्यामुळे ‘ज्ञानेश्वरी अध्याय नववा प्रवचन श्रीक्षेत्र अमुक सप्ताह दिवस तिसरा’ असं नाव ठेवलं की मर्यादा ओलांडली जाते. मग सॉफ्टवेअर एक तर नाव मध्येच तोडतं किंवा फाइल घ्यायलाच नकार देतं. तोडलेली दोन नावं सारखी झाली तर आणखी घोटाळा.

उपाय सोपा आहे. डेटा डीव्हीडी करताना फाइल सिस्टिममध्ये यूडीएफ ही दुसरी मांडणी निवडा. त्यात देवनागरीसाठी साधारण १२७ खुणांपर्यंत जागा मिळते. इमगबर्नमध्ये हा पर्याय समोरच दिसतो, बाकीच्यांत सेटिंगमध्ये असतो. एखाद्या फाइलीचा आकार ४ जीबीच्या पुढे जात असेल तरीही यूडीएफच घ्यावं.

आणि जी डिस्क गाडीतल्या किंवा जुन्या प्लेअरमध्ये चालवायची आहे, तिच्यावर नावं रोमनमध्येच ठेवा, सुरुवातीला क्रमांक घाला. देवनागरी नाव त्या छोट्या पडद्यावर चौकोन किंवा रिकामी जागा म्हणून दिसतं. ऐकणाऱ्याला कुठलं प्रवचन लागलंय ते कळत नाही.

सनदधारी | १० नोव्हेंबर, दुपारी १:२०

मी तालुका न्यायालयात वकिली करतो. आमच्याकडे सीडी-डीव्हीडी अजून रोजच्या वापरात आहे. कॉल रेकॉर्डिंग, सीसीटीव्हीचं चित्रण डिस्कवरच दाखल होतं. कुणाला घरच्या संगणकावर अशी डिस्क करायची वेळ आली तर थोडं सांगतो.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. पूर्वीच्या पुरावा कायद्यातल्या कलम ६५-ब च्या जागी आता कलम ६३ आहे. त्यासोबतच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात फाइलीची हॅश व्हॅल्यू (फाइलीवरून काढलेली, बोटाच्या ठशासारखी अक्षर-अंकांची खूण) लिहावी लागते आणि ती कुठल्या पद्धतीने काढली, एसएचए-२५६ की आणखी कुठली, त्यावर खूण करावी लागते. प्रमाणपत्राचे भागही दोन आहेत, एक पक्षकाराने भरायचा आणि एक तज्ज्ञाने.

म्हणून बर्न करण्याआधी हॅश काढून ठेवायची, बर्न झाल्यावर डिस्कवरच्या फाइलीची पुन्हा काढायची. दोन्ही तंतोतंत जुळल्या पाहिजेत. डिस्क एकदाच लिहायची घ्यायची, पुन्हापुन्हा लिहिता येणारी आरडब्ल्यू नको. आणि ‘डिस्क फायनलाइज करा’ हा पर्याय निवडायचा, म्हणजे तिच्यात नंतर कुणाला भर घालता येत नाही. सॉफ्टवेअर कुठलं वापरलं यावर मला आजवर कुणी प्रश्न विचारलेला नाही. हॅशवर मात्र विचारतात.

सोनकी | १० नोव्हेंबर, दुपारी २:००

हॅश काढायला आणखी एक सॉफ्टवेअर लागेल का? मला वाटतं संग्रहासाठीही हे फार उपयोगी पडेल.

बिनतारी | १० नोव्हेंबर, दुपारी २:२५

विंडोजमध्येच सोय आहे. पॉवरशेल उघडा, गेट-फाइलहॅश ही आज्ञा लिहा आणि पुढे फाइलीचा पत्ता द्या. मुळातच एसएचए-२५६ मिळते. सगळ्या वेव्ह फाइलींच्या हॅश एका साध्या मजकूर फाइलीत भरा आणि ती फाइल डीव्हीडीवरच ठेवा. पंधरा वर्षांनी डिस्क उघडणाऱ्याला प्रत्येक फाइल जशीच्या तशी आहे की नाही हे स्वतः तपासता येईल. सनदधारींचा हा सल्ला संग्रह करणाऱ्या प्रत्येकाने घ्यावा.

हाच हॅश डाउनलोडसाठीही वापरा. जी संकेतस्थळं इन्स्टॉलरची हॅश छापतात, तिथून उतरवलेली फाइल ताडून पाहता येते.

अटलांटिककाठ | १० नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४५

न्यू जर्सीहून लिहितेय. घाटमाथा यांनी लग्नाच्या डीव्हीडीचा उल्लेख केला म्हणून विचारते. माझ्या बहिणीच्या लग्नाची डीव्हीडी कोल्हापूरहून आली. इथल्या प्लेअरवर ती ‘चुकीची डिस्क’ म्हणून बाहेर येते, संगणकावर मात्र छान दिसते. विभागाच्या कोडचा प्रश्न असेल का? एखाद्या बर्निंग सॉफ्टवेअरने पुन्हा लिहिली तर चालेल?

घाटमाथा | १० नोव्हेंबर, रात्री ८:१०

विभागाचा कोड दुकानातल्या चित्रपटांच्या डिस्कवर असतो. घरी किंवा स्टुडिओत लिहिलेल्या डिस्कवर सहसा नसतो. तुमची अडचण पाल आणि एनटीएससी या चित्राच्या दोन वेगळ्या पद्धतींची आहे. भारतात डीव्हीडी पालमध्ये बनते, ७२० बाय ५७६ आणि सेकंदाला २५ चौकटी. अमेरिकेत एनटीएससी, ७२० बाय ४८० आणि २९.९७ चौकटी. आपल्याकडचे प्लेअर दोन्ही वाचतात, तिकडचे बरेचसे फक्त एनटीएससी. जशीच्या तशी नक्कल केली तर ती पालच राहणार, सॉफ्टवेअर कितीही नवं असलं तरी.

डीव्हीडीस्टायलर नावाचं फुकट, मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आहे. नवा प्रकल्प उघडताना एनटीएससी निवडा, मूळ व्हिडिओ त्यात घाला, त्याला पुन्हा एन्कोड करू द्या आणि आयएसओ बनवा. मग तो आयएसओ कशानेही लिहा. वेळ लागेल, पण चालेल. मूळ पाल डिस्क मात्र जपून ठेवा, तिचा दर्जा चांगला आहे. इथून पुढे परदेशी पाठवायची असेल तर स्टुडिओवाल्याला आधीच सांगायचं, आम्हाला दोन्ही करून देता येतात.

मोगरा | १० नोव्हेंबर, रात्री ९:३०

माझी अडचण अपडेटशी निगडित आहे म्हणून इथेच लिहिते. एक जुनं बर्निंग सॉफ्टवेअर काढून टाकलं आणि त्याचं नवं टाकलं. तेव्हापासून माय कॉम्प्युटरमध्ये डीव्हीडी ड्राइव्हच दिसत नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह आणि कोड ३९. दुकानदार म्हणतो ड्राइव्ह गेला, नवा घ्या.

बिनतारी | १० नोव्हेंबर, रात्री १०:०५

मोगराताई, थांबा, नवा घेऊ नका. ड्राइव्ह बहुतेक ठणठणीत आहे.

जुनी बर्निंग सॉफ्टवेअर विंडोज आणि ड्राइव्ह यांच्या मध्ये स्वतःचा ‘फिल्टर’ ड्रायव्हर बसवतात. काढताना प्रोग्रॅम जातो, पण रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत) त्या फिल्टरचं नाव तसंच राहतं. विंडोज प्रत्येक वेळी तो शोधतं, मिळत नाही, आणि ड्राइव्ह सुरूच करत नाही. कोड १९, ३१, ३९ यांपैकी काही दिसलं आणि त्याआधी असं सॉफ्टवेअर काढलं किंवा बदललं असेल, तर पहिला संशय यावरच घ्यायचा. मायक्रोसॉफ्टनेही हाच उपाय सांगितला आहे.

आधी रिस्टोअर पॉइंट करा. मग रजिस्ट्री एडिटरमध्ये कंट्रोल, क्लास या ओळीत ‘४डी३६ई९६५’ ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक शोधा. उजवीकडे त्याचं नाव डीव्हीडी/सीडी-रॉम असं दिसेल, ते पाहिल्याशिवाय काही करू नका. शेजारचे क्रमांक अगदी सारखे दिसतात आणि ते कीबोर्डचे, हार्डडिस्कचे असतात. तिथे ‘अप्परफिल्टर्स’ आणि ‘लोअरफिल्टर्स’ या दोन नोंदी असतील तर त्या काढा. ‘अप्परफिल्टर्स डॉट बॅक’ असं काही असेल तर त्याला हात लावू नका. संगणक पुन्हा सुरू करा. नंतर बर्निंगचं सॉफ्टवेअर पुन्हा टाकावं लागू शकतं.

यावरून सगळ्यांना माझी विनंती. एका संगणकावर बर्निंगचं एकच सॉफ्टवेअर ठेवा, आणि ते चांगलं चालत असेल तर निव्वळ नवा आकडा दिसला म्हणून त्यावर नवं चढवू नका. विंडोज बदललं, ड्राइव्ह बदलला किंवा नेमकी एखादी अडचण आली आणि नव्या आवृत्तीत ती सोडवल्याचं लिहिलेलं असेल, तरच अपडेट.

मोगरा | १० नोव्हेंबर, रात्री १०:५५

ड्राइव्ह परत दिसू लागला!! बिनतारी, तुमचे किती आभार मानू. दुकानदाराला उद्याच सांगते, म्हणजे पुढच्या माणसाचा खर्च वाचेल.

करवंद | ११ नोव्हेंबर, सकाळी ८:०५

अपडेटचा विषय निघालाच आहे तर, ड्राइव्हचं फर्मवेअर अपडेट करावं का?

घाटमाथा | ११ नोव्हेंबर, सकाळी ९:४०

विशिष्ट कंपनीची डिस्क ड्राइव्ह ओळखतच नसेल, किंवा दुसऱ्या ड्राइव्हवर नीट लिहिली जाणारी डिस्क तुमच्यावर वारंवार बिघडत असेल, तरच. आणि ड्राइव्ह बनवणाऱ्या कंपनीने स्वतःच्या स्थळावर तुमच्या नेमक्या मॉडेलसाठी फाइल दिली असेल, तरच. स्वस्त बाहेरच्या ड्राइव्हना ती बहुधा मिळत नाही. फर्मवेअर चढत असताना वीज गेली तर ड्राइव्ह कायमचा जातो. आपल्याकडे डेस्कटॉपवर हे करताना यूपीएसशिवाय करू नये. लॅपटॉपला बॅटरी भरलेली असू द्या आणि वायर हलवू नका.

त्यापेक्षा बाहेरच्या ड्राइव्हला वीज पुरेशी मिळते का ते आधी पाहा. लिहिताना लेझरला आणि मोटरला बरीच वीज लागते. यूएसबी हबमध्ये लावलेला ड्राइव्ह वाचताना चालतो आणि लिहिताना मध्येच अडकतो. लोक सॉफ्टवेअरला दोष देतात. थेट लॅपटॉपच्या पोर्टला लावा, दोन तोंडांची वायर आली असेल तर दोन्ही तोंडं लावा.

पेंग्विनवाली | ११ नोव्हेंबर, सकाळी १०:३०

मला कोऱ्या डिस्कविषयी काळजी वाटते, सॉफ्टवेअरपेक्षाही जास्त. ग्रेटर नोएडाची मोझर बेअर एकेकाळी जगातल्या सगळ्यात मोठ्या डिस्क उत्पादकांपैकी होती. आपल्या गल्लीतल्या स्टेशनरीच्या दुकानातही तिच्या सीडी मिळायच्या. ती कंपनी २०१८ मध्ये दिवाळखोरीत निघाली. सीडी-आर घडवण्यात ज्यांचं नाव सगळ्यात वर घेतलं जायचं ते जपानचे तैयो युदेन २०१५ मध्ये या धंद्यातून बाहेर पडले. सोनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिण्याच्या ब्लू-रे डिस्क बनवणं थांबवलं. आज बाजारात सुटी, बिननावाची डिस्क मिळते तिचा माल कुठला आणि किती जुना, हे सांगणं कठीण आहे.

सोनकीताई, संग्रहासाठी नावाजलेल्या कंपनीच्या, बंद डब्यातल्या डिस्कच घ्या. इमगबर्नमध्ये किंवा केथ्रीबीमध्ये खऱ्या उत्पादकाची खूण दिसते, पहिली डिस्क घातल्यावर ती पाहून ठेवा. जमलं तर एम-डिस्क घ्या. तिच्यात सेंद्रिय रंगद्रव्य नसतं, त्यामुळे ते उडण्याची भीती नाही. फक्त एम-डिस्कची डीव्हीडी लिहायला त्यावर तसा शिक्का असलेलाच ड्राइव्ह लागतो.

करवंद | ११ नोव्हेंबर, सकाळी ११:००

पण मग थेट पेन ड्राइव्हच का नको? स्वस्त आहे.

बिनतारी | ११ नोव्हेंबर, सकाळी ११:२५

रोजच्या वापराला पेन ड्राइव्ह जरूर. पण त्यात माहिती विद्युत भाराच्या रूपात असते आणि वर्षानुवर्षं कपाटात पडून राहिली तर तो भार ओसरत जातो. शिवाय एका चुकीच्या क्लिकने सगळं पुसलं जाऊ शकतं, व्हायरस त्यावर लिहू शकतो. फायनलाइज केलेल्या डिस्कवर तसं काही होत नाही. पण भिस्त एकट्या डीव्हीडीवरही नको. एक प्रत हार्डडिस्कवर, एक डीव्हीडीवर आणि एक दुसऱ्या गावी कुणाकडे तरी.

डिस्क उभी ठेवा, उन्हापासून लांब. कागदी लेबल चिकटवू नका, त्याने तोल बिघडतो आणि पुढे डिंक पसरतो. सीडीवर लिहायचं खास पेन मिळतं, तेच वापरा, तेही शक्यतो मधल्या पारदर्शक कड्यावर. सीडीमध्ये माहितीचा थर छापील बाजूच्या अगदी खालीच असतो, त्यामुळे वरून पडलेला ओरखडा खालच्या ओरखड्यापेक्षा घातक असतो.

सोनकी | १२ नोव्हेंबर, रात्री ८:५०

सगळ्यांच्या सल्ल्याने बर्नअवेअर फ्री त्यांच्या स्वतःच्या स्थळावरून उतरवलं. डेटा डीव्हीडी यूडीएफमध्ये केली, देवनागरी नावं पूर्ण आली आहेत, तपासणी पार पडली, हॅशची फाइल आत ठेवली. नीरोची जुनी सीडी तशीच कपाटात ठेवली आहे.

ऑडिओ सीडीत दोन गोष्टी अडल्या. कीर्तनाचे मी पूर्वरंग, उत्तररंग असे ट्रॅक पाडले आहेत. एक ट्रॅक संपून दुसरा सुरू होताना दोन सेकंद शांतता येते आणि मृदंगाचा ठेका तुटतो. आणि सराव म्हणून एक सीडी-आरडब्ल्यूवर केली होती, ती माझ्या लॅपटॉपवर वाजते पण शेजारच्या आजोबांच्या जुन्या प्लेअरवर ‘नो डिस्क’ दाखवते.

बिनतारी | १२ नोव्हेंबर, रात्री ९:२०

दोन्हींचं उत्तर सोपं आहे. ट्रॅकच्या मधली पोकळी शून्य करा आणि लिहिण्याची पद्धत ‘डिस्क ॲट वन्स’ निवडा. ‘ट्रॅक ॲट वन्स’मध्ये लेझर प्रत्येक ट्रॅकनंतर थांबतो, म्हणून ते दोन सेकंद येतात. ट्रॅक पाडताना वेव्ह फाइलच वापरा. एमपीथ्रीच्या टोकांना स्वतःची छोटी शांतता चिकटलेली असते, ती सेटिंगने सहसा जात नाही.

आजोबांचा प्लेअर बिघडलेला नाही. सीडी-आरडब्ल्यू फार कमी प्रकाश परत फेकते, साधारण १५ ते २५ टक्के. सीडी-आर ६५ टक्क्यांच्या पुढे. जुन्या प्लेअरची नजर त्या मंद प्रकाशासाठी बनवलेलीच नव्हती. साधी सीडी-आर घ्या, १६ किंवा २४ च्या वेगाने लिहा आणि फायनलाइज करा. तरी अडखळली तर आधी प्लेअरची लेन्स साफ करून पाहा, मग दुसऱ्या कंपनीची सीडी-आर.

सोनकी | १३ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:०५

सीडी-आरवर, २४ च्या वेगाने, पोकळी शून्य ठेवून केली. आजोबांच्या प्लेअरवर सलग वाजली, ठेका कुठेही तुटला नाही. आता नव्वदच्या कॅसेटची विभागणी करायला घेते. घाटमाथा, तुम्ही ज्या बंद डब्यातल्या सीडी-आर वापरता त्या साताऱ्यात अजून मिळतात का? मिळत असतील तर शंभराचा डबा हवा आहे.

घाटमाथा | १३ नोव्हेंबर, रात्री ८:३०

मिळतात, पण पन्नासचेच डबे येतात आता. दुकानाचा पत्ता खाजगी निरोपात पाठवतो. दोन डबे घेणार असाल तर दोन्हींवरचा बॅच क्रमांक एकच आहे का पाहून घ्या, आणि पहिल्या डब्यातली एक सीडी आजोबांच्या प्लेअरवर वाजवून मगच बाकीच्या लिहायला घ्या.